गुहागरला परसातली फूटभर जाडीची आकेशिया आणि वठलेला माड तोडायचा आहे. कोणतं कटर घ्यावं?

पेट्रोलवरची, 50 ते 58 सीसीची, 18 इंची पट्टीची (जिच्यावरून चेन फिरते ती) चेनसॉ, म्हणजे साखळी करवत घ्या. पट्टी खोडापेक्षा थोडी लांबच हवी. विजेवरची स्वस्त पडते, पण आगराच्या (नारळ-पोफळीच्या बागेच्या) टोकापर्यंत वायर ओढली की व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. आमच्या आगरात दोन्ही वापरून झाल्यात. आकेशिया सरळ कापली जाते, माड मात्र चेन खातो: बाहेरचं खोड कठीण आणि तंतूंचं, भुसा काथ्यासारखा कव्हरमध्ये गच्च बसतो. चेनला धार लावायला कानस जवळ ठेवा. पट्टीचं ऑइल वेगळं, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल वेगळं (गल्लत हमखास होते). घरावर किंवा तारांवर कलता माड असेल तर मशीन विसरा, वरून तुकडे पाडणारा पाडेली बोलवा. आंबा-फणस तोडायला आधी परवानगी लागते.