वाचकांचे प्रश्न : होलसेलिंगमधला आकडा

प्रश्न : मी अमेरिकेत नोकरी करतो. घर विकत न घेताही होलसेलिंगमधून पैसे मिळतात असं ऐकलं. हाताशी भांडवल फारसं नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : होलसेलर घर विकत नाही, ते घेण्याचा हक्क विकतो. डागडुजीला आलेल्या घराच्या मालकाशी खरेदीचा करार करायचा आणि मुदत संपायच्या आत तो करार घर दुरुस्त करून विकणाऱ्या एखाद्या गुंतवणूकदाराच्या नावे करून द्यायचा. मधला फरक ही तुमची फी.

पण पहिलं काम कायदा पाहणं. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. इलिनॉयमध्ये २०१९ पासून बारा महिन्यांत एकाहून जास्त असे व्यवहार करायचे तर परवाना लागतो. ओक्लाहोमातही २०२१ मध्ये कायदा झाला. एच-१बी व्हिसावर असाल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एकही सही करू नका.

आता आकडा. सगळा धंदा यावरच उभा आहे, आणि नवखा माणूस फसतो तोही इथेच. दुरुस्तीनंतर घर २,४०,००० डॉलरला जाईल असं धरा. त्याचे ७० टक्के १,६८,०००. दुरुस्तीचे ४५,००० वजा केले की उरले १,२३,०००. तुमची फी १०,००० धरली, तर मालकाला जास्तीत जास्त १,१३,००० देता येतात. उरलेल्या ३० टक्क्यांत गुंतवणूकदाराचं व्याज, घरपट्टी, विक्रीचा खर्च आणि नफा बसतो. त्यात हात घातलात की तो करार कुणी घेत नाही.

२,४०,००० हा आकडा जाहिरातींवरून काढू नका. तिथे दिसते ती मागितलेली किंमत. गेल्या तीन ते सहा महिन्यांत, अर्ध्या मैलाच्या आत, साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाची, दुरुस्त केलेली जी घरं प्रत्यक्ष विकली गेली, त्यांची किंमत धरा. मध्ये हमरस्ता असेल तर पलीकडची घरं सोडून द्या. दुरुस्तीचा अंदाज घरात फिरून घ्या : छप्पर, पाया, वायरिंग, नळ, हीटिंग. फोटोत नवा रंग दिसतो, तळघरातली ओल दिसत नाही.

करार हस्तांतरित करता येईल असं त्यात स्पष्ट लिहून घ्या, आणि मालकालाही तोंडी सांगा की तुम्ही तो दुसऱ्याला देणार आहात. हे लपवणं ही मालकाची फसवणूक आहे. टायटल कंपनीकडून, म्हणजे घराची मालकी तपासणाऱ्या कंपनीकडून, बोजा तपासून घ्या. वडिलोपार्जित घर असेल तर एका भावाची सही पुरत नाही, हक्क असलेले सगळे वारस लागतात.

प्रश्न : करार झाला, पण गिऱ्हाईक मिळत नाही. इसार बुडेल का?

उत्तर : करारात तपासणीची मुदत आहे का, ते आजच पाहा. त्या मुदतीत करार रद्द करायची मुभा असेल, तर लेखी नोटीस देऊन इसार सहसा परत मिळतो. मुदत टळली की तो बहुधा मालकाचा. मुदत शिल्लक असताना फी कमी करून पाहा. तरीही कुणी घेत नसेल तर किंमतच चुकली आहे. मालकाला लगेच फोन करा, कारण तुमच्या करारामुळे त्यांचं घर अडकून पडलंय आणि त्यांच्या कर्जाचे हप्ते थांबलेले नाहीत. पुढच्या वेळी मात्र करार करण्याआधीच त्या भागात रोखीने घरं घेणारे चार-पाच जण गाठा आणि कोणत्या गल्लीत काय भाव देतील ते विचारून ठेवा.