पॉवरचं नंतर बघू, आधी क्रँककेस तपासा

प्रश्न: नमस्कार सर, मी मूळचा सांगलीचा, सध्या अमेरिकेत शार्लटला असतो. व्हिंटेज रेसिंगसाठी एक जुनी फॉर्म्युला व्ही (फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून केलेली एका सीटची रेसची गाडी) घेतलीय, पण इंजिन सगळं सुटं करून खोक्यांत भरलेलं मिळालं. बीटलचंच 1200 सीसी एअर-कूल्ड. इथले मित्र म्हणतात हेड आणि कार्ब्युरेटरवर पैसे टाक. खिसा एकाच मोठ्या कामापुरता आहे, तर सुरुवात कशापासून करू?

उत्तर: क्रँककेसपासून, म्हणजे क्रँक ज्यात बसतो त्या इंजिनाच्या मुख्य खोक्यापासून. मित्रांना राग आला तर येऊ दे. फॉर्म्युला व्हीची गंमतच अशी की इंजिन जवळपास स्टॉक, कंपनीतून आलं तसंच, ठेवावं लागतं, 1963 मधे एससीसीएनं (अमेरिकेतली हौशी रेसिंगची संघटना) हा क्लास घेतला तो स्वस्तात रेसिंग व्हावं म्हणूनच (पुढे फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झालेले निकी लाउडा, एमर्सन फिटिपाल्डी हे सुरुवातीला याच गाड्या पळवायचे), त्यामुळे सगळ्यांकडे तेच मूळ 40 घोड्यांचं इंजिन, आणि शेवटच्या लॅपपर्यंत ज्याचं इंजिन धड राहतं त्याचं फावतं.

आता केस. ही मॅग्नेशियमची, दोन अर्धुकं समोरासमोर जोडून केलेली, मधे गॅस्केट नाही. इतकी वर्षं ठोके खाऊन मधल्या मेन बेअरिंगची (ज्यावर क्रँक फिरतो त्याची) जागा सैल होते, नवीन बेअरिंग घातलं तरी आत हलतं, ऑइल प्रेशर पडतं आणि मग लोक ऑइल पंपाला शिव्या देतात. तर मशीन शॉपमधे नेऊन अलाइन बोअर करून घ्या, म्हणजे बेअरिंगच्या सगळ्या जागा एका रेषेत थोड्या मोठ्या कापून, त्यात बसणारी बाहेरच्या व्यासाला ओव्हरसाइज बेअरिंग सहज मिळतात. नेण्याआधी तीन नंबर सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, तडा आहे का ते चांगल्या उजेडात बघा, तिथे तडा गेला असेल तर त्या केसवर एक डॉलरही घालू नका. हेड धरून ठेवणाऱ्या स्टडचे (लांब आटेदार दांड्यांचे) केसमधले आटे गेले असतील तर स्टीलचे इन्सर्ट (आतून आटे असलेल्या बाही) बसवून घ्या. आणि एक, केस घासताना जो चुरा पडतो तो पेटतो, त्यावर पाणी मारायचं नाही, भडका वाढतो, त्यामुळे कोरडी वाळू जवळ ठेवूनच बसा.

बेअरिंग बसवताना डॉवेल पिन (बेअरिंग जागेवर धरणारी छोटी खुंटी) बरोबर भोकात बसलीय ना ते बोटानं चाचपा. केस आवळल्यावर क्रँक हातानं सहज फिरला पाहिजे, कुठे अडला तर पाना खाली ठेवा आणि परत उघडा, "चालू झाल्यावर मोकळा होईल" असलं काही नसतं. क्रँकचा एंड प्ले (पुढेमागे सरकायची मोकळीक) 0.07 ते 0.13 एमएम ठेवायचा, त्यासाठी फ्लायव्हीलमागे तीन शिम (पातळ चकत्या) लागतात, तीनच, दोन जाड घालून भागवू नका.

मग मोजमाप, ज्याचा सगळ्यांना कंटाळा आणि मला जरा जास्तच शौक. बोअर (सिलिंडरचा व्यास) 77 एमएम, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 64 एमएम, म्हणजे एका सिलिंडरला 298 सीसी. हेड पालथं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले, चेंबरवर (हेडमधल्या पोकळीवर) भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवा आणि ब्युरेटनं रॉकेल सोडत जा. समजा 45 सीसी भरलं, आणि पिस्टन वर आल्यावर सिलिंडरच्या काठाखाली 1 एमएम राहतो, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) बरोबर 7 येतं. तोच 1.5 एमएम राहिला तर 6.7. आकडा कितीही येवो, चारही सिलिंडरचा सारखा यायला हवा, तेवढ्यानंच इंजिन गुळगुळीत फिरायला लागतं.

हेडचे नट 10 एमएम स्टडवर 23 फूट-पाउंडाच्या आसपास आवळतात, आणि हे सगळ्यांना कमी वाटतं. मुद्दाम कमी आहे हो, गरम झाल्यावर हेड आणि सिलिंडर स्टडपेक्षा जास्त फुगतात आणि ताण आपोआप वाढतो, इंजिन थंड असतानाच जोर लावलात तर आटे उपटून हातात. सगळा जोर फ्लायव्हीलच्या मधल्या नटासाठी राखून ठेवा, तो 200 फूट-पाउंडाच्या वर जातो.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) नवीन असेल तर झिंकवालं ऑइल, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर 20 मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास धरा, आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, सोडू नका, टॅपेट (कॅमवर घासणारे दट्टे) तिथेच खरवडतात.

प्रश्न: पुण्यात माझ्याकडे 1968 ची बीटल आहे, रेसिंग नाही, फक्त रविवारी फिरायला. फॉर्म्युला व्हीवाले फॅन काढून टाकतात असं वाचलं, मेकॅनिकही म्हणतो की इंजिनभोवतीचे पत्रे काढा, हवा लागेल. काढू का?

उत्तर: अजिबात नाही! त्या गाडीचं इंजिन उघड्यावर असतं, वेगात हवा थेट फिन्सवर (सिलिंडरभोवतीच्या थंड करणाऱ्या पट्ट्यांवर) येते, आणि ते लोकही ग्रिडवर, शर्यत सुटायच्या रांगेत, फार वेळ इंजिन चालू ठेवत नाहीत. तुमचं डेक्कनच्या सिग्नलला मागच्या बंद कप्प्यात उभं असणार. पत्र्यांमुळेच फॅनची हवा सिलिंडरच्या फिन्समधून जाते, सिलिंडरच्या खालचे छोटे पत्रे तर जुन्या गाड्यांत बहुतेक गायबच असतात, ते शोधून बसवा. तुमच्या सालच्या गाडीत ऑइल कूलर फॅनच्या डब्यातच उभा असतो आणि तीन नंबर सिलिंडरची हवा अडवतो (1971 पासून कंपनीनं तो बाजूला सरकवला), म्हणून आधी कूलरच्या जाळीतला कचरा काढा.

फॅन डायनॅमोच्याच शाफ्टवर आहे. म्हणजे डॅशबोर्डवर डायनॅमोचा लाल दिवा लागला तर "बॅटरीचं बघू घरी गेल्यावर" म्हणायचं नाही, बेल्ट तुटला असेल तर कूलिंगही गेलंय. गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद, आणि डिकीत एक जादा बेल्ट आणि पुली उघडायचा पाना कायम टाकून ठेवा.