चुडा, दोरा आणि तुझ्या मनगटावरची दोन अक्षरं

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. डाव्या मनगटाच्या आतल्या अंगाला 'आई', काळ्या शाईत, आणि ईच्या डोक्यावरचा तुरा जरा जास्तच झोकदार. खाली तुझे दोन प्रश्न: नर्सच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून जाऊ का, आणि कानाच्या वरच्या कडेला आणखी एक टोचायचंय ते आत्ता की नोकरी लागल्यावर? मोबाइलवर एवढं लिहायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कागद घेतला.

तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून आधीच सांगते, टॅटू बघून मला धक्काबिक्का बसला नाही. माझी आजी कागलकडची. कपाळावर नि हनुवटीवर ठिपके, कोपरापासून मनगटापर्यंत तुळस, विंचू, फुलं, सगळं गोंदलेलं. "सोनं सावकार नेतोय, न्हाय तर चोर नेतोय. ह्ये तेवढं माझ्यासंगं येतंय," म्हणायची. तिला कुणी वाह्यात म्हटलं नाही. तेच तुझ्या हातावर मशिननं उमटलं की "हल्लीच्या पोरी" सुरू होतं. त्या बोलण्याचं उत्तर माझ्याकडं नाही. हॉस्पिटलचं मात्र आहे.

माझं लग्न झालं तेव्हा मी नवीन स्टाफ नर्स होते. एकविसाव्या दिवशी ड्युटीवर हजर झाले ती कोपरापर्यंत हिरवा चुडा घालूनच. मेंदीही पुरती उतरली नव्हती. कुठलं हॉस्पिटल ते सोड. पुरुषांच्या वॉर्डात एक आजोबा होते, पाठीला बेडसोअर, म्हणजे पडून पडून झालेली जखम, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. आम्ही दोघी मिळून त्यांना कुशीवर वळवत होतो. माझा हात कॉटच्या दांडीवर आपटला आणि दोन बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणायचं नसतं, पण फुटल्याच. एक तुकडा चादरीवर पडला, दुसरा त्यांच्या खांद्याच्या मागं घासत गेला. चार बोटं लांब रेघ उठली आणि तिच्यावर मणी धरावेत तसं रक्त आलं. आजोबा म्हणाले, "असू दे बाई, नवी नवरी हाईस, काय न्हाय झालं."

आमच्या इनचार्ज सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. आधी टॉर्च घेऊन चादर झाडली, काचेचा कण नि कण वेचला, जखम साफ करून पट्टी केली. मग मला सिंकपाशी नेलं आणि साबणाच्या फेसात एकेक बांगडी माझ्या हातातून उतरवली. शेवटच्या दोन-तीन उतरताना अंगठ्याच्या बुडाची साल निघाली. सगळ्या बांगड्या गॉजमध्ये गुंडाळून किडनी ट्रेमध्ये ठेवल्या आणि म्हणाल्या, "घरी जाताना घाल, येताना काढ." घरी दोन दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच ह्यांना दाराशेजारी एक खुंटी ठोकायला लावली. पुढं कित्येक वर्षं माझ्या बांगड्या त्या खुंटीवर रोज आठ तास लटकत असायच्या.

तेव्हापासून अंगावरच्या कुठल्याही वस्तूबद्दल मी एवढंच विचारते: हात धुताना ही धुतली जाते का? आणि रुग्णाच्या अंगाला लागून ही फुटेल, अडकेल, गळून पडेल का?

या प्रश्नाला आता तुझा टॅटू लाव. शाई कातडीच्या आतल्या थरात बसते. जखम पुरती भरली की वरची कातडी बाकीच्या कातडीसारखीच. साबण तिच्यावरून जातो, सॅनिटायझर जातो. पास.

आता अंगठी लाव. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली हाताच्या स्वच्छतेवर जी मार्गदर्शिका काढली तिच्यात स्पष्ट लिहिलंय की अंगठीखालच्या कातडीवर जंतूंची वस्ती जास्त असते. लग्नाची साधी वळ्यासारखी अंगठी रोजच्या कामात चालवून घेता येईल, पण ऑपरेशन थिएटरात तीही नाही. आपल्याकडं अंगठी साधी कुठं असते? राशीचा खडा असतो, त्याला चार दाढा असतात आणि त्या दाढांत काय अडकतं ते मी बघितलंय. ते मी इथं लिहीत नाही, तू जेवत असशील.

आणि दोरा! जोतिबाला जाऊन आलं की दोरा, अंबाबाईला गेलं की दोरा, घरी पूजा झाली की दोरा. ब्रदर लोकांच्या, म्हणजे पुरुष नर्सांच्या, मनगटावर तर कधी कधी तीन-तीन. सॅनिटायझर चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात, साबणानं धुवायला चाळीस ते साठ. तेवढ्यात हात वाळतो, दोरा वाळत नाही. सकाळच्या ड्रेसिंगचं पाणी दुपारच्या सलाईनपर्यंत मनगटावर घेऊन फिरायचं. मला देवाधर्माचं वावडं नाही, शुक्रवार मी अजूनही धरते. पण दोरा घरातल्या देव्हाऱ्यात ठेवला तर देव रागावत नाही, हे मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगते.

गंमत बघ. ज्या वस्तू लोकांना सोज्वळ दिसतात, चुडा, दोरा, खड्याची अंगठी, ड्रेसिंग करताना ट्रेमध्ये लोंबणारं लांब मंगळसूत्र, त्याच रुग्णाला जास्त बाधतात. आणि बिचारा टॅटू, जो कुणाच्या अंगाला लागत नाही, तो बदनाम. मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत घालून सेफ्टी पिननं अडकवायचं, हे तुला पुढं लागेलच.

म्हणून इंटरव्ह्यूला पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालू नकोस. ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं २००७ साली 'कोपराखाली उघडं' हा नियम काढला: कामाच्या वेळी लांब बाही नाही, मनगटी घड्याळ नाही. कारण बाहीची कड रुग्णाच्या अंगावरून, बेडपॅनवरून, पुन्हा पुढच्या रुग्णावरून फिरते. टॅटू झाकायला बाही लांब करायची म्हणजे निरुपद्रवी गोष्ट लपवायला उपद्रवी गोष्ट आणायची. मुलाखतीत कुणी मनगटाकडं बघून भुवई वर केलीच तर शांतपणे सांग की भरलेला आहे, कोपरापर्यंत हात उघडे ठेवून धुते, आणि आपल्याकडचा ड्रेसकोड लेखी असेल तर द्या, मी पाळीन. 'लेखी' हा शब्द गिळू नकोस. तोंडी नियम दर इनचार्जगणिक बदलतात. काही खासगी हॉस्पिटलांना टॅटू दिसलेला चालत नाही, तिथं तुझं ज्ञान पाजळून उपयोग नाही. पगार आणि शिकायला काय मिळेल हे बघून ठरव. सरकारंही यात लक्ष घालतात: २०२३ साली हरियाणानं सरकारी दवाखान्यांतल्या लोकांसाठी ड्रेसकोड काढला, त्यात भारी दागिने आणि लांब नखं दोन्हींना मनाई होती. तुझ्या मनात मिलिटरी नर्सिंगचं होतं ना? लष्करात टॅटू अंगावर कुठल्या जागी आहे याला फार महत्त्व. कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू साधारणपणे चालते, म्हणजे तू नशिबानं बरोबर जागा धरलीस. तरी त्या वर्षीची जाहिरात अक्षरन् अक्षर वाच.

एका गोष्टीवर मात्र माझं मत कडक आहे. टॅटू काय आहे, हे बघ. 'आई'ला कोण काय म्हणणार? पन्हाळ्याकडची एखादी म्हातारी तुझा हात धरून विचारेल, "ह्ये काय गोंदलंस गं?" आणि पुढची दहा मिनिटं स्वतःच्या गोंदणाची कथा सांगेल. तेवढ्यात तिचं बीपी तुझं घेऊन होईल. पण पक्षाचं चिन्ह, जातीचा झेंडा, कुणाला डिवचणारं वाक्य असलं काही हातावर नको. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत येणाऱ्या माणसाला आपल्या हातावरून कळता कामा नये की आपण कुणाच्या बाजूचे. देवाचं चित्रही मी टाळलं असतं. हा हात बेडपॅन उचलतो, आणि त्यावरून कुणी नातेवाईक वाद घालत बसला तर रुग्ण बाजूला राहतो.

आता कान. पाळी टोचली तर सहा-आठ आठवड्यांत भरते. तू म्हणतेस ती वरची कड म्हणजे कूर्चा. तिला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळं भरायला महिनोन्महिने, कधी वर्षही जातं. तिथं स्युडोमोनाससारखा जंतू शिरला तर कान सुजून लालबुंद होतो आणि शेवटी आकारच बिघडतो. आणि तू काम कुठं करणार? त्याच जंतूच्या माहेरी. नोकरीच्या पहिल्या वर्षात उघडी जखम कानावर घेऊन वॉर्डात फिरू नकोस. टोचायचंच असेल तर मोठ्या सुट्टीआधी टोच, आणि ब्युटी पार्लरमधल्या गनने तर नकोच. तिचे प्लास्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, जात नाहीत. नवी, बंद पाकिटातली पोकळ सुई तुझ्यासमोर फोडली पाहिजे. धातू टायटॅनियमचा घे, स्वस्त स्टीलमधल्या निकेलनं खाज सुटते. रिंग तर कानात नकोच. फिट आलेल्या मुलाला धरताना आमच्यातल्या एकीची रिंग त्याच्या मुठीत गेली, मुठीबरोबर पाळीही गेली. दोन टाके पडले. पोरगं चांगलं होऊन घरी गेलं, हिच्या पाळीवर व्रण राहिला तो राहिलाच.

नाकातली चमकी ठेव. फक्त फिरकी रोज बघ. नवजात बाळाच्या पाळण्यात पडलेली फिरकी शोधत सगळी नाईट ड्युटी गेलेली एक सिस्टर मला माहीत आहे. (मीच ती. फिरकी पहाटे सापडली, माझ्याच कॉलरमध्ये.) एमआरआयला रुग्णासोबत जाताना दाराबाहेरच सगळा धातू उतरवायचा, हे तुला शिकवलंय. रुग्णाचे दागिने उतरवून घेतलेस तर रजिस्टरला 'सोन्याचं' लिहू नकोस. 'पिवळ्या धातूचं मंगळसूत्र, एक' असं लिहून नातेवाइकाची सही घे. खोटं निघालं तर सोनं कुठनं आणणार आहेस?

मेंदी चालते, लाव. झटपट रंगणारी 'काळी मेंदी' लावू नकोस, त्यात केस काळे करायचं रसायन असतं, फोड येतात. नखं बोटाच्या टोकापुढं अर्धा सेंटिमीटरही नकोत. चिकटवलेली नखं हा विषयच नाही.

बाकी सगळं राहू दे, एका गोष्टीवरून मी तुझ्यावर खरंच चिडले आहे. टॅटू कधी काढलास म्हणालीस, गेल्या महिन्यात? म्हणजे इंटर्नशिप चालू असताना दोन-तीन आठवडे उघड्या जखमेचं मनगट घेऊन तू ड्रेसिंगं केलीस. सुई नवी होती का, शाई वेगळ्या टोपणात ओतली होती का, याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. वर हेपॅटायटिस बीचा तिसरा डोस राहिलाय म्हणतेस. पहिल्या डोसनंतर सहा महिन्यांनी तो असतो, तुझे दहा झाले. हा आठवडा सरायच्या आत घे, आणि महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टायटर, म्हणजे लस अंगी लागली का ते बघायची रक्ततपासणी, करून रिपोर्ट मला दाखव. आकडा दहाच्या वर पाहिजे. रक्तदान शिबिरात या वर्षी तुझं नाव नाही, टॅटूनंतर बारा महिने थांबावं लागतं. तिथं पोरांना चहा-बिस्किटं दे.

रविवारी सकाळी ये. पांढऱ्या बुटांना पॉलिश मारून आण, बाकी युनिफॉर्म मी बघते.

तुझी
मॅडम