शॉकर नसलेली सायकल आणि जानापावची वाट

प्रश्न : दादा, दिवाळीत ओळखीतल्या एकाकडून ४५०० ला जुनी गिअरवाली सायकल घेतली, २६ इंची, स्टीलची, पुढे शॉकर नाही, पुढचं चाक धरणारा साधा चिमटा. रविवारी मित्रांबरोबर महूच्या पुढे पातालपाणी नाहीतर जानापावकडे कच्च्या वाटेने जातो. चढावर मी पुढे असतो, पण उतारावर सगळे निघून जातात आणि मी बधिर झालेली बोटं झटकत उभा. सायकलवाला म्हणतो ३००० मध्ये शॉकरवाला चिमटा बसवून देतो. बसवू का? वजन ७२ किलो.
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नका बसवू. आधी सांगा, हवा कुठे भरता? कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ना? तो टायर दगड होईपर्यंत भरतो, अंगठ्याने दाबून "एकदम टाइट भिया" म्हणतो, आणि आपण खूश. टायरच्या बाजूला लिहिलेला ६० की ६५ चा आकडा ही वरची हद्द असते, तेवढी भरलीच पाहिजे असं काही नाही. तुमच्या वजनाला, १.९५ इंच रुंदीचा टायर असेल तर पुढे ३० आणि मागे ३५ पौंडाच्या आसपास ठेवून बघा. सुपारीएवढा खडा आला की टायर स्वतः दबून त्याला पोटात घेतो, कडक असला की तोच खडा सरळ मनगटात येतो. फार कमी केली तर दगडावर आपटून रिम ट्यूबला चावते, शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, तशी दिसली की ३-४ पौंड वाढवा. घरी गेजवाला पंप घ्या, परतताना डांबरी लागली की भरायला छोटा हातपंप सोबत ठेवा.

आता शॉकरचं. त्या किमतीत आत नुसती स्प्रिंग मिळते, दबते आणि उसळते, उसळी आवरणारं आत काही नसतं, वर वजन किलोभर वाढतं. शिवाय तुमची फ्रेम आखूड चिमट्यासाठी आखलेली, शॉकरवाला सहज ४-५ सेंटिमीटर उंच निघतो, म्हणजे हँडल वर, सीट मागे कललेली, आणि चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. सध्या तुम्ही फक्त चढावरच पुढे असता, तेही जाईल!

आणि डोंगरातल्या सायकलची सुरुवातच शॉकरशिवाय झाली हो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाडजूड सायकली घेऊन रीपॅक नावाच्या उतारावर शर्यत लावायची, पेडल उलटं दाबायचा ब्रेक, तो इतका तापायचा की चाकाच्या मधल्या हबमधलं ग्रीस धूर होऊन उडायचं आणि पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकर आला १९८९ ला. तोवर काय होतं, तर फुगीर टायर आणि स्वतःचे हातपाय.

तेव्हा ते ३००० असे घाला. पहिल्यांदा टायर, २.१ चे गोटीवाले, म्हणजे उठावदार ठोकळ्यांचे, पण घेण्याआधी चिमट्यात आणि मागे फ्रेममध्ये जागा बघा, दोन्ही बाजूंनी करंगळी तरी गेली पाहिजे. आपल्या माळव्यात 'मालव माटी गहन गंभीर' म्हणतात ना, पावसाळ्यात तीच काळी माती ब्रेकपाशी अशी बसते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर. मग ब्रेकचे रबर आणि नवीन वायर, तीही बाहेरच्या कव्हरसकट. जुने रबर काढून बघा, बारीक खडे आणि अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण रुतलेले दिसतील, तेच रिम खातात. डिस्क ब्रेकच्या नादी लागू नका, फ्रेमवर आणि चिमट्यावर त्याची बैठकच नसेल. उरलेल्या पैशात मऊ ग्रिप.

उतारावर सीट खाली करा आणि तिच्यावर बसू नका. दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे-कोपरं सैल, ढुंगण थोडं मागे, नजर चार-पाच मीटर पुढे. ब्रेक दगडांच्या आधी मारा, दगडांत शिरलात की सोडून द्या. मुठी आवळल्या की बोटं बधिर होणारच. मी चोरलकडच्या एका उतारावर आळसाने बसूनच राहिलो होतो, मागची रिम अशी वाकली की चाक फ्रेमला घासत होतं आणि पुढचे सहा किलोमीटर ढकलत आलो, वर मित्रांनी सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस माझ्याच पैशाने खाल्ला. आणि उड्या मारू नका, स्वस्त सायकलीत मागच्या हबचा अ‍ॅक्सल, म्हणजे मधला दांडा, फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) बाजूने वाकतो, कधी तुटतोही.

प्रश्न : नवीन चेन टाकली तरी चढावर जोर दिला की उडते. सायकलवाल्याने फसवलं का?
— एक वाचक, महू

उत्तर : फसवलं नसेल, अर्धंच काम केलं. जुनी चेन ताणलेली असताना खूप चालवली की फ्रीव्हीलचे दातही तसेच झिजतात, मग त्यावर नवी चेन बसत नाही. फ्रीव्हील बदला. पुढच्या वेळी स्टीलची पट्टी लावून मोजा, नव्या चेनमध्ये एका पिनेपासून चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर येते, १/१६ इंच पुढे सरकली की नुसती चेन बदलून भागतं, १/८ सरकली की दोन्ही.