बर्नआउटमधून सावरताना सुरुवात कुठून करावी

बर्नआउटमधून, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आलेल्या थकव्यातून, सावरण्यासाठी तुम्ही पाठवलेली यादी वाचली. पहाटे पाचला उठणं, तासभर ध्यान, जिम, डायरी, आणि सगळं सोमवारपासून! बहुतेकजण इथेच अडखळतात. आधीच दमलेल्या जिवावर आणखी कामं लादू नका. पहिले पंधरा दिवस एवढंच करा:

१. उठायची वेळ रोज एकच, रविवारीही. झोप कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, उठणं असतं. उठल्यावर फोन न घेता दहा मिनिटं गॅलरीत उजेडात उभे राहा. शरीराचं घड्याळ त्या उजेडावरच लागतं.

२. दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको. साधारण पाच तासांनीही निम्मं कॅफिन अंगात उरतं. संध्याकाळची कटिंग सोडणं जड जाईल, पण मंडळींसोबत टपरीवर जरूर जा, फक्त लिंबूपाणी घ्या. त्या गप्पा हव्यातच.

३. मीटिंगआधी धडधडलं तर चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सावकाश सोडला की ठोके मंदावतात. कुंभक (श्वास रोखून धरणं), भस्त्रिका (जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) आत्ता नको.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

कामच झेपेनासं असेल तर साहेबांशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटचा संबंध कामाच्या ताणाशीच जोडलाय. नुसत्या श्वासाने तो भार हलका होत नाही. दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.