वर्ण म्हणायचं की वंश?

प्रश्न असा आलाय की पेपरात एकाच बातमीत वर वर्णद्वेष आणि खाली वंशद्वेष छापलेलं असतं, मग माणसांच्या गटांना लावतात त्या इंग्रजी रेस या शब्दाला मराठीत बरोबर कुठला? आमच्या बेळगावात तर तिसरा पण कानावर पडतो, कन्नड बातम्यांतला जनांग. तो बाजूला ठेवूया.

वर्ण म्हणजे रंग. तो का चालत नाही हे बघायचं तर अमेरिकेतल्या होमर प्लेसीची केस बघा. १८९२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये रेल्वेच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसला म्हणून त्याला पकडलं, आणि गंमत म्हणजे माणूस दिसायला गोराच, आठातले सात हिस्से गोरे, शेवटी त्यालाच सांगावं लागलं की मी काळ्यांत मोडतो. १८९६ ला सुप्रीम कोर्टात तो हरला. आता ह्याला वर्णद्वेष कसं म्हणणार, वर्ण तर गोरा होता की ओ!

मग वंश. संस्कृतात वंश म्हणजे बांबू, आपला घराचा वासा त्यातूनच आलाय. खानापूरकडं बांबूची बेटं बघितलेल्याला सांगायला नको, पेरावर पेर चढत सरळ एक काठी. आपला वंश तसाच, बापाकडून मुलाकडं, म्हणून तर वंशाचा दिवा म्हणजे मुलगाच धरतात (पटत नाही ते सोडा, शब्दाचा अर्थ सांगतोय). आई कुठल्या घरची हे वंशावळीत बहुतेक येतच नाही.

अमेरिकेत हिशोबच वेगळा. ओबामांची आई गोरी, वडील केनियाचे, २०१० च्या जनगणनेत त्यांनी फक्त काळे एवढंच नोंदवलं. बापाकडून बघितलं तर आपल्यालाही पटतंय, पण उलटं करा, बाप गोरा आणि आई काळी, तरी पोर काळंच. व्हर्जिनियात १६६२ लाच कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूल पण मालकाचा गुलामच, फायदा कुणाचा ते उघड आहे. पुढं १९२४ ला तिथंच ठरवलं की दुसऱ्या रक्ताचा मागमूस नसेल तोच गोरा. विरजणासारखं बघा, एक थेंब पडला की सगळं दूध गेलं, आणि ताकात कितीही दूध ओता त्याला दूध कोण म्हणत नाही. त्यातही पोकाहोंटस या मूळ रहिवासी बाईचे वंशज म्हणवणारी बडी घराणी अडचणीत यायला लागली म्हणून मूळ रहिवाशांचं सोळावा हिस्सा रक्त चालेल अशी सवलत ठेवली. थेंब सुद्धा माणूस बघून मोजला!

म्हणून माझं मत, रेसला वंशच लिहा, घटनेच्या मराठी प्रतीतही 'धर्म, वंश, जात' असंच आहे, फक्त रेसच्या अर्थानं तो बांबूसारखा सरळ चालत नाही एवढं डोक्यात ठेवा. वर्णद्वेष खरंच कातडीच्या रंगावरून चाललेल्या गोष्टीला ठेवा. आपल्या खानापूर तालुक्यातले सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यांना रंगावरून बाहेरचा समजून कोण हिंदी-इंग्लिशमध्ये बोलायला लागलं तर तो वर्णाचा प्रकार, कारण समोरचा कोकणी-मराठीत उत्तर देतोय. सरकारी कागदावर मात्र वर्ण पण नाही आणि वंश पण नाही, तिथं शब्द अनुसूचित जमात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना तो दर्जा २००३ ला मिळाला, आपल्या बेळगावातल्यांना २०२० उजाडलं.