टाचदुखीवर इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वय ४८, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. काही महिन्यांपासून सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत जीवघेणी कळ येते. एक्स-रेत हाड वाढल्याचे दिसले. एक डॉक्टर स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवतात, दुसरे पीआरपी. यजमानांची टाचेमागची शीर दुखते. त्यांनाही हेच इंजेक्शन चालेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत जाणारा तळपायाचा जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, दुखावला की अशीच कळ येते. वाढलेल्या हाडाची धास्ती घेऊ नका. ज्यांची टाच कधीच दुखत नाही, त्यांच्याही एक्स-रेत ते पुष्कळदा दिसते.

स्टेरॉइडचा गुण लवकर येतो, पण बहुधा काही आठवडेच टिकतो. ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, शिवाय आपल्याला मधुमेह असल्याने त्यानंतर काही दिवस साखर वाढेल. पीआरपीमध्ये आपलेच रक्त यंत्रात फिरवून त्यातील प्लेटलेटचा अंश टोचतात. त्याचा गुण सावकाश येतो. काही अभ्यासांत तो अधिक टिकला, काहींत फरकच दिसला नाही, आणि खर्च मात्र बराच येतो. म्हणून माझ्या मते दोन्ही इंजेक्शने तूर्त थांबवावीत.

अंथरुणातून उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरावीत. असे १० वेळा, दिवसातून तीनदा. वर्गाबाहेर चपला काढून दिवसभर शहाबादी फरशीवर उभे राहण्याची आपल्याकडची रीत टाचेला मानवत नाही, तेव्हा शाळेत आणि घरातही मऊ तळव्याची चप्पल वापरावी. रुईचे पान ठेवून तापल्या विटेचा शेक घेण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी दिलाच असेल. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भाजलेले कळतही नाही, म्हणून तो अजिबात घेऊ नये.

यजमानांचे दुखणे वेगळे आहे. टाचेमागच्या अकिलिस शिरेत स्टेरॉइड टोचल्यास ती तुटू शकते, आणि पीआरपीबाबत सांगायचे तर ब्रिटनमधील २४० रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते लुटुपुटीच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. त्यांनी पायरीच्या काठावर चवड्यांवर उभे राहून टाचा सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून १२ आठवडे नेटाने करावा. शीर हाडाला जुळते तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये.

आपल्याला तीन महिन्यांच्या नियमित व्यायामानेही उतार पडला नाही, तर साखर आटोक्यात असल्याची खात्री करून, सोनोग्राफीत पाहून दिलेले स्टेरॉइडचे एक इंजेक्शन घेण्यास हरकत नाही.